कांद्याची बैठक

बारामतीत रुजू होऊन मला पुरते आठ दिवसही झाले नव्हते. शाळा सुटल्यावर खोलीकडे परतत होतो, तर एका घराच्या पायरीवर पोलीस हवालदार कांदे सोलत बसलेले दिसले. अंगावर पूर्ण गणवेश, टोपी शेजारी काढून ठेवलेली, कमरेचा पट्टा सैल केलेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांच्या समोर, एक पायरी खाली, पांढरं मुंडासं बांधलेला एक वाळका म्हातारा गुडघ्याभोवती हात घालून बसला होता. हवालदार मध्येच काहीतरी पुटपुटत, नाक ओढत आणि पुढचा कांदा घेत. म्हातारा म्हणे, "वाहू द्या."

मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, "हवालदारांचं घर का हे?"

"छ्या! ते मारुतीआबांचं घर. आज हवालदारांची बारी हाय," तो म्हणाला आणि गुळाची ढेप फोडायला लागला. जणू बारामतीत प्रत्येक हवालदार आठवड्यातून एकदा परक्या पायरीवर बसून कांदे सोलतो आणि त्यात विचारण्यासारखं काही नाही.

मारुतीआबा उभा जन्म कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं दार वर-खाली करून ज्याच्या त्याच्या रानाला ठरल्या वेळी पाणी देणारा माणूस. पेन्शनीत निघाल्यावर हातातली दाराची किल्ली गेली, पण डोक्यातला कालवा काही गेला नाही. तो त्यांनी घरच्या पायऱ्यांवर आणला. ज्याच्या मनात काही साचलं असेल त्यानं यावं, आपल्या बारीला बसावं आणि बोलावं. आबा ऐकत. बस, एवढाच उद्योग. आजकाल शहरात म्हणे शिकलेले डॉक्टर खुर्ची टाकून हेच काम करतात. आमच्या वेळी बारामतीत तरी चार दगडी पायऱ्या होत्या आणि मारुतीआबा होते.

"हे खाजगी काम हाय, सरकारी न्हाय," ते नव्या माणसाला आधीच बजावत. "हितं अर्ज न्हाय, शेरा न्हाय, साक्षीदार न्हाय. हितं सांडलं त्ये हितंच मुरतं."

नियम मात्र सरकारीपेक्षा कडक. पहिला नियम बसण्याचा. बोलणारा तिसऱ्या पायरीवर, आबा दुसऱ्या. पाहुणा कितीही संकोचला, "आबा, तुम्ही वडील माणूस, तुम्ही वर बसा," म्हणाला, तरी आबा हलत नसत. "पानी वरनं खाली येतं. खालचं वर चढवाया इंजन लागतं, आन् ते आपल्याकडं न्हाय."

दुसरा नियम वेळेचा. समोरच्या घराची सावली संध्याकाळी आबांच्या पायऱ्या चढायला लागे. ती तिसऱ्या पायरीला लागली की आबा उठत, धोतर झटकत आणि म्हणत, "दार पडलं." मग बोलणारा कुठल्याही वाक्यात असो. एका आडत्यानं तीन आठवडे घसा खाकरून शेवटी सुरुवात केली, "आबा, खरं सांगायचं तर माझ्या सासऱ्यानं..." आणि दार पडलं. सासऱ्यानं काय केलं हे ऐकायला पलीकडच्या खिडकीत दोन बायका ताटकळल्या होत्या, त्यांचा आठवडा फार वाईट गेला.

आणि तिसरा नियम हाताचा. रिकाम्या हातानं यायचं नाही. देण्यासाठी नव्हे, करण्यासाठी. निवडायला डाळ आणा, गहू आणा, फोडायला भुईमुगाच्या शेंगा आणा. "रिकाम्या हाताचा माणूस खोटं बोलतो," आबा म्हणत, "नायतर बोलतच न्हाय. हात गुतलं की जीभ सुटती." काम संपल्यावर जिन्नस ज्याचा त्यानं घरी न्यायचा. बारामतीच्या बायकांचा या उपचारावर फार विश्वास होता, कारण नवरे मन हलकं करून यायचे ते बरोबर डाळही निवडून आणायचे.

कांद्याचं प्रकरण याहून वेगळं. कांदे कोणी आपल्या मनानं आणायचे नाहीत. चार-दोन बैठका झाल्यावर आबा माणसाच्या गळ्याकडे बघत आणि वैद्यानं काढा सांगावा तसं सांगत, "म्होरल्या बारीला कांदं आना. दोन शेर." बाप्या माणसाला भर रस्त्यावर रडायचं झालं तर काहीतरी निमित्त पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. कांदा सोलणाऱ्याला कोण विचारतं, का रडतोस म्हणून? मंडईत कोणी दोन शेर कांदे मागितले की माळीण बाई तराजूची दांडी झुकती ठेवून हळूच म्हणायची, "जावा. आबा हायत." आबांना स्वतःला मात्र कांदा लागत नसे. हवालदार हमसून हमसून रडत असताना त्याच वाऱ्यात आबा कोरड्या डोळ्यांनी बसलेले. "चौदा वरसं झाली," ते अभिमानानं सांगत, "डोळ्याला टिपूस न्हाय."

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. खोलीवर जेवताना मी ते आठवून एकटाच हसत असे. आणि मग एक दिवस माझ्यावरच त्या पायरीवर बसायची वेळ आली.

त्याचं असं झालं. मी मूळचा इंदापूरचा. घरी थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणत असे. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं स्वतःची शाळा सोडली आणि मला शिकवलं. मी मास्तर झालो त्याचा त्याला इतका आनंद, की गावात कोणी नुसतं "राम राम" म्हटलं तरी तो उत्तरात "आमचा धाकटा बारामतीला हायस्कुलात असतो," असं सांगे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी दादा गेला. छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी पोचलो तेव्हा तो नव्हता.

तेरा दिवस करून मी परत आलो, शिकवायला लागलो आणि माझा आवाज जायला लागला. नेहमी नाही. एरवी मी खडखडीत बोलत असे. पण शाळेचा शिपाई हातात काही घेऊन वर्गाच्या दारात आला की माझा गळा बंद. शिपाई तर रोज येणार. सूचनेची वही फिरवणं हे त्याचं कामच. तो दारात दिसला की मी तोंड उघडं ठेवून उभा, आणि समोर चाळीस मुलं. दहा मिनिटं, कधी तासच्या तास. मुलं आधी हसली. मग हसायची थांबली, आणि ते मला जास्त लागलं.

माझी नोकरी टेम्पररी होती. दिवाळीनंतर तपासणी होती. तपासणीचे साहेब वर्गात येऊन बसणार, त्यांच्यासमोर पाठ द्यायचा आणि तो बरा झाला तरच मी कायम होणार. मुक्या मास्तराला कोण कायम करतो? इंदापुरात वहिनी आणि दोन लहान पुतणे माझ्या तोंडाकडे बघून होते. गळा बंद राहिला तर चूल विझणार, असा तो सरळ हिशेब होता.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. करडा माणूस, पण त्या दिवशी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते मारुतीआबा म्हणून कोणी आहेत ना, त्यांच्याकडे जाऊन या. मी स्वतः कधी गेलेलो नाही. पण जाताना न निवडलेली डाळ न्यावी, असं ऐकून आहे."

मी नीट ऐकलं नाही. शिकलेल्या माणसाची खोड. 'डाळ' एवढंच लक्षात ठेवलं आणि दुकानातून उत्तम, निवडलेली, पॉलिश केल्यासारखी तूरडाळ शेरभर घेऊन गेलो. आबांनी ताटात ओतून घेतली, बोटं फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, हिच्यात खडं कुठायत?"

"नाहीत. चांगली डाळ आहे आबा."

"मंग तुमी निवडनार काय?"

आबा उठले, अंगणात गेले, मूठभर बारीक खडे वेचून आणले आणि त्या देखण्या डाळीत शांतपणे मिसळले. ताट हलवलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हां. आता बसा."

पहिल्या बैठकीत काय होतं? काहीच होत नाही. मी खडे निवडत बसलो. आबा एक पायरी खाली बसून रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मला काय झालं विचारलं नाही, नाव विचारलं नाही, धीर दिला नाही. मी दोनदा घसा खाकरला, त्यांनी दोनदा मान हलवली. सावली तिसऱ्या पायरीला लागली. "दार पडलं," आबा म्हणाले. मी घरी आलो, ती डाळ शिजवली, तर दाताखाली खडा आला. मनात म्हटलं, झालं! दुखणं होतं ते होतंच, वर दातही जाणार.

तरी दुसऱ्या आठवड्यात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी बोललो, पण सगळं इकडचं तिकडचं. बारामतीची हवा, हेडमास्तरांचा स्वभाव, खोलीतले ढेकूण. आबा ऐकत होते, आणि तेही असं, की ढेकणांबद्दल इतकं लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नसेल. मी शेवटी वैतागून म्हणालो, "आबा, मी मूळ मुद्द्याला येतच नाही."

"न्हाई आलं तर न्हाई. कालवा सुटला की पयलं पानी गढूळच येतं. काटक्या, पाला, मेल्यालं बेडूक. ते वाहू द्या."

"मग तुम्ही काही सांगणार नाही का? सल्ला?"

"सल्ल्याला वकील हायत की. त्यो बगा, चौकात बोर्डच हाय."

तिसऱ्या बैठकीला माझ्या आधी सांगवीचे बिरूतात्या बसले होते. हे जुने मेंढपाळ. चहूकडे ऊस झाला, चराई गेली, कळप विकावा लागला. ते पिंजायला लोकर आणत आणि विकलेल्या एकेका मेंढीची खोड सांगत. कुठली लाडानं टक्कर द्यायची, कुठली पिलाला पाजायला नखरे करायची. उठताना ते मला म्हणाले, "बसा मास्तर. घाई करू नगा. मला पयलं मेंढरू आठवाया दोन म्हयनं लागलं." त्या दिवशी मी दादाबद्दल बोललो. लहानपणी मला खांद्यावर बसवून तो ओढा ओलांडायचा, स्वतःची भाकरी मोडून मला द्यायचा आणि "मला भूकच न्हाय" असं धादांत खोटं बोलायचा. आबांनी माझ्या गळ्याकडे बघितलं.

"म्होरल्या बारीला कांदं आना."

मंडईत कांदे मागताना माझे कान तापले. माळीण बाईनं दांडी झुकती ठेवली.

चौथ्या बैठकीला मी पहिला कांदा सोलला, दुसरा सोलला, आणि तिसऱ्याला, जे मी वहिनीला सांगितलं नव्हतं, कोणालाच नव्हतं, ते सांगायला लागलो.

इंदापूरहून दादा चिठ्ठ्या पाठवायचा. टपालानं नव्हे, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर. कंडक्टर गाडीतून उतरला की शाळेत येऊन शिपायाकडे चिठ्ठी देई, शिपाई माझ्याकडे. त्यात असायचं काय? सुतळी आण. मोटेच्या चामड्याला तेल आण. धाकट्याला पाटी आण. आठवड्याला एक ठरलेली. मी वर्गात असलो की ती न वाचता खिशात टाकायचो आणि संध्याकाळी वाचायचो. त्या दिवशी अशीच चिठ्ठी आली. मी कविता शिकवत होतो आणि रंगात आलो होतो. शिपाई म्हणाला, "कंडक्टर म्हनतो, आत्ताच बगा." मी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, खिशात टाकली आणि पुढची ओळ म्हटली.

तास संपल्यावर उघडली. अक्षर दादाचं नव्हतं. लिहिलं होतं, 'आहे त्याच गाडीनं ये. दादा तुझं नाव घेतोय.'

ती गाडी अर्धा तास उभी राहून परत गेली होती. कंडक्टरनं ड्रायव्हरला विनवून आणखी पाच मिनिटं थांबवलीही होती, हे मला पुढे कळलं. दुसरी गाडी संध्याकाळची. मी पोचलो तेव्हा दादाला पोचवून माणसं परतली होती.

"आणि आबा, घरी मी काय सांगितलं माहीत आहे? चिठ्ठी उशिरा मिळाली म्हणालो. कंडक्टरनं उशीर केला म्हणालो. त्या माणसानं माझ्यासाठी गाडी थांबवली होती. आता माझी वहिनी त्याच्या गाडीत बसत नाही. गल्लीतली पोरं त्याला नावं ठेवतात. आणि दादा माझं नाव घेत होता, तेव्हा मी कविता म्हणत होतो."

मी रडलो. कांदा होता म्हणून रस्त्याला काही वाटलं नाही. मला वाटलं, आता आबा म्हणतील, वाहू द्या.

मी डोळे पुसून खाली बघितलं, तर आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "दार पडलं," म्हणाले, घरात गेले आणि कडी लावली.

सावली अजून पहिल्या पायरीवर होती.

अर्धे सोललेले कांदे घेऊन मी खोलीवर आलो. आबांना माझी किळस आली, दुसरं काय? ज्या माणसानं हवालदाराचं, आडत्याचं सगळं ऐकून घेतलं, त्यालाही माझं ऐकवलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. पण एक झालं होतं. ती गोष्ट एकदा तोंडाबाहेर पडली होती आणि आता परत आत जायला तयार नव्हती. सकाळी उठून मी एस.टी. स्टँडवर गेलो. इंदापूरची गाडी आली. कंडक्टर उतरला, त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ तिकिटांची पेटी उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, एवढं तुमच्या वहिनीला सांगा. त्या माझ्या गाडीत बसत नाहीत, ते मला लागतं. दादा माझ्याच गाडीनं यायचे." मी त्याच गाडीत बसलो, इंदापूरला गेलो आणि सांगितलं. वहिनी रडली, माझ्यावर रागावली आणि शेवटी तिनं मला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिपाई वही घेऊन दारात आला. गळा आवळला. मी टेबल धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा मुलांनो, आधी शिपाईमामांचं बघू." वही वाचली, सही केली आणि पुढची ओळ म्हटली. आवाज जरा घोगरा होता, पण आला. पुढे तपासणीलाही तो तसाच आला आणि साहेबांनी होकार दिला.

आवाज परत आला हे आबांना सांगायला त्याच आठवड्यात गेलो तर दाराला कडी. पुढच्या आठवड्यातही कडी. पायऱ्यांवर हवालदार पिशवी घेऊन उभे, आडत्या उभा. पेन्शनीत निघालेला पाटकरी आणि कालवा बंद! हवालदार आवाज चढवून म्हणाले, "काय तब्येत-बियेत?" आतून आबांचा आवाज आला, "बरी हाय. जावा आज."

बिरूतात्या कोपऱ्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "तात्या, माझ्यामुळं झालं हे. मी काहीतरी बोललो."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी काय बोल्लात ते मी इचारनार न्हाय. हितलं हितंच मुरतं. पर येक सांगतो. इतकी वरसं समदी त्येच्या वरल्या पायरीवर बसत्यात. खालच्या पायरीवर कोन बसलंय का कवा?"

मी मंडईत गेलो. दोन शेर कांदे घेतले. माळीण बाई म्हणाली, "आज आबांची बैठक न्हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

दुपार कलली होती. मी पायऱ्यांपाशी आलो, ताट तिसऱ्या पायरीवर ठेवलं, त्यात कांदे ओतले आणि स्वतः दुसऱ्या पायरीवर बसलो. हाक मारली नाही. बसून राहिलो. त्यांनीच शिकवलं होतं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. आबा दारात उभे राहिले. मुंडासं नव्हतं, डोक्यावरचे पांढरे केस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मास्तर, चुकीच्या पायरीवर बसलाय."

"नाही आबा. पाणी वरनं खाली येतं."

ते भिंतीला धरून एकेक पायरी उतरले आणि तिसऱ्या पायरीवर बसले. एक कांदा उचलून हातात धरला.

"मला लागत न्हाय कांदा."

मी मान हलवली.

आबा रस्त्याकडे बघत बोलले. "पारू माझी मालकीन. लई कमी बोलायची. सोताचं म्हनून वरसाला येखादं वाक्य. येकदा पानी सुटायच्या दिशी मी निघालो तर म्हनली, 'वाईच थांबता का? येक सांगायचं हाय.' मी म्हनलं, पान्याची पाळी उरकून येतो, मंग सांग. धा दिसाची पाळी, लांबच्या दारावर. चवथ्या दिशी बिरूच्या हाती निरोप आला, येळ गावला तर घराकडं या म्हनून. बिरू तवा मेंढरं घिऊन कालव्याकडंनं चालला हुता. मी म्हनलं, पीठ संपलं आसंल. दुसरं काय आसनार? दार सोडून जाऊ कसा? लोकांची रानं वाळतील."

ते थांबले. मला "वाहू द्या" म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघेना.

"पाळी उरकून आलो तर ती न्हाई. शेजारनीनं सांगितलं, दोन दिस ताप हुता. कुनाला कायबी बोलली न्हाय. घरात आलो तर कोपऱ्यात सूप. सुपात गहू. निम्मं निवडल्यालं, निम्मं तसंच. ते मी निवडत बसलो. दुसरं काय करू? निवडता निवडता वाटाया लागलं, आता बोलंल, आता बोलंल. चौदा वरसं झाली, मास्तर. कोनबी आलं आन् निवडाया बसलं, की मी ऐकाया बसतो. काय सांगायचं हुतं तिला? साऱ्या बारामतीचं ऐकलं. तेवढं येक ऱ्हायलं."

त्या दिवशी माझी चिठ्ठी ऐकताना आबांनी पांढऱ्या चेहऱ्यानं दार का पाडलं, ते मला कळलं. माझी त्यांना किळस आली नव्हती. माझ्या खिशातल्या चिठ्ठीत त्यांना पारूबाईंचा निरोप दिसला होता. मी सरकून त्यांच्या पायाजवळ बसलो आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. असं करणं नियमात होतं की नाही, कोण जाणे.

आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मुंडासं नव्हतं, म्हणून ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते आणि ते काही थांबत नव्हतं.

"कांदा लई तिखट हाय आवंदाचा," आबा म्हणाले.

त्यांच्या हातातल्या कांद्याचं सालही अजून निघालेलं नव्हतं.

कोपऱ्यावर बिरूतात्या पाठ फिरवून लोकर पिंजत होते. समोरच्या घराची सावली पहिली पायरी चढली, माझी चढली, आबांची चढली आणि दाराच्या उंबऱ्याला लागली. आबांनी खाली बघितलं. कालव्यावरचा जुना माणूस तो, त्याच्या लक्षात येणारच.

"मास्तर, दार पडाया पायजे हुतं."

"आज दार माझ्याकडं आहे आबा," मी म्हणालो. "वाहू द्या."